मुलांचे विज्ञानपट : सांगणे आणि दाखवणे

विज्ञानातील एखादी अवघड कल्पना काही मिनिटांत उलगडून दाखवणारी चित्रफीत तयार करा, असे आवाहन तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना करणारी ‘ब्रेकथ्रू ज्युनियर चॅलेंज’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१५ साली सुरू झाली. तिचे पारितोषिक डोळे दिपवणारे आहे. विजेत्याला पुढील शिक्षणासाठी अडीच लाख डॉलर, त्याच्या शिक्षकाला पन्नास हजार डॉलर आणि शाळेला एक लाख डॉलर किमतीची प्रयोगशाळा. विद्यार्थ्याच्या यशात शिक्षकाचा वाटा असतो याची आठवण ठेवणारी पारितोषिके एकंदरीत कमीच, तेव्हा एवढ्यापुरते तरी आयोजकांचे कौतुक करायला हवे.

आपल्याकडे या स्पर्धेची चर्चा झाली ती २०१८ साली. बंगळुरूच्या सोळा वर्षांच्या समय गोडिका या विद्यार्थ्याने शरीरातील दैनिक घड्याळाविषयी केलेल्या चित्रफितीला त्या वर्षीचे पारितोषिक मिळाले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याची धाकटी बहीण सिया हिनेही ते पटकावले. तिचा विषय होता पूर्ण वाढ झालेल्या पेशीला पुन्हा मूळपेशीसारखे बनवणारे यामानाका घटक. तेव्हापासून अनेक शाळांतून ‘आपणही असे काहीतरी करू या’ अशी हवा निर्माण झाली आहे. मोबाइल फोन हाताशी आहेत, मुले तयार आहेत, आणि शिक्षक विचारतात की चांगली विज्ञान-चित्रफीत म्हणजे नेमके काय? या प्रश्नाच्या निमित्ताने काही पारितोषिकप्राप्त फितींकडे आम्ही जरा चिकित्सकपणे पाहणार आहोत. मुलांनी केले आहे म्हणजे छानच असणार, असे म्हणून पाठ थोपटायची आणि मोकळे व्हायचे, ही मोठ्यांची जुनी खोड आहे. मुलांच्या कामाला खरा मान द्यायचा तर त्याची परीक्षाही खरीच हवी.

प्रथम जे निर्विवादपणे चांगले आहे ते सांगू. ही मुले बोलतात सुरेख. २०१५ चा पहिला विजेता, अमेरिकेतील ओहायो राज्याचा रायन चेस्टर याने विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तासारखा विषय सुमारे सात मिनिटांत मांडला. पाठ्यपुस्तकातली जड वाक्ये टाकून देऊन मित्राशी गप्पा माराव्यात तसे बोलायचे, एका वाक्यातून दुसरे सहज निघू द्यायचे, आणि ऐकणारा कुठे अडखळेल याचा अंदाज घेऊन तिथे थांबायचे, हे कसब या स्पर्धेतून पुढे आलेल्या मुलांकडे आहे. ते आपल्या अनेक प्राध्यापकांकडे नाही. (आमच्याकडेही ते किती आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना विचारावे लागेल.) स्पर्धेतील आणखी एक पद्धत आम्हांला फार मोलाची वाटते. प्रवेशिका पाठवणाऱ्या प्रत्येकाला इतर स्पर्धकांच्या काही फिती पाहून त्यांना गुण द्यावे लागतात. आपल्याच वयाच्या दुसऱ्याने तोच प्रश्न कसा सोडवला, हे गुण देण्याच्या दृष्टीने पाहताना मूल जे शिकते ते परीक्षकाच्या शेऱ्यांतून शिकत नाही.

आता विषयांची यादी पाहा. २०१५ – विशिष्ट सापेक्षता. २०१६ साली दोन विजेत्या होत्या. पेरूच्या मुलीचा विषय क्वांटम गुंतागुंत, तर सिंगापूरच्या मुलीचा प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू. २०१७ – फिलिपीन्सची हिलरी डायन अँडालेस, पुन्हा सापेक्षता. २०१९ – न्यूट्रिनो खगोलशास्त्र. २०२० – क्वांटम टनेलिंग. यांतला एकही विषय असा नाही की ज्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घरी किंवा शाळेत स्वतः काही मोजून पाहता यावे. जीवाणूंचा विषय त्यातल्या त्यात जवळचा, पण रोगजंतू स्वयंपाकघरात वाढवा असे कोणताही शहाणा शिक्षक सांगणार नाही.

हा योगायोग नव्हे. परीक्षणाचे चार निकष जाहीर केलेले आहेत : पाहणाऱ्याला गुंतवून ठेवणे, विषयाचा उलगडा, सर्जनशीलता आणि विषयाची काठिण्यपातळी. चौथा निकष मुलांना आपोआपच सापेक्षतेकडे आणि पुंजयामिकीकडे ढकलतो. कुंडीत लावलेल्या वाटाण्याला काठिण्यपातळीचे गुण कोण देणार? आणि या चारांत पुराव्याला जागा कुठे आहे? उलगडा अचूक असायला हवा हे गृहीत धरू. तरीही ‘हे असे आहे’ याचा उलगडा करणे वेगळे आणि ‘हे असे आहे हे आपल्याला कशावरून कळले’ हे दाखवणे वेगळे. पहिली गोष्ट नसेल तर शिकवणे होत नाही, दुसरी नसेल तर विज्ञान होत नाही. त्यातच वेळ आखडत गेलेला. पहिल्या वर्षी दहा मिनिटांपर्यंतची फीत चालत असे, मग मर्यादा तीन मिनिटांवर आली आणि पुढे दोन मिनिटांवर. दोन मिनिटांत एक चांगली उपमा मावते. पुरावा मावत नाही.

उपमा वाईट असते असे नाही. २०२० ची विजेती कॅनडातील सतरा वर्षांची मरियम त्सेगाये हिने टनेलिंग समजावताना फासे आणि व्हिडिओ गेम यांचा आधार घेतला. खेळातील पात्राने भिंतीतून आरपार जावे, तसा इलेक्ट्रॉन त्याला ‘परवडत नसलेला’ अडथळा कधीकधी ओलांडतो. मुलांना हे चटकन पटते. यातला फाशांचा भाग तर आम्हांला फारच कामाचा वाटतो आणि वर्गात तो आणखी पुढे नेता येईल. एक फासा टाकून सहा पडण्याची शक्यता सहात एक. दोन्ही फाशांवर सहा पडण्याची छत्तीसांत एक. तीन फाशांवर दोनशे सोळांत एक. फाशांची संख्या एकेकाने वाढते, पण शक्यता दर वेळी सहापट घटते. अडथळ्याची जाडी आणि इलेक्ट्रॉन पलीकडे जाण्याची शक्यता यांचे नाते अगदी याच जातीचे आहे. जाडी थोडीशी वाढली की शक्यता काही पटींनी कोसळते.

पण इथे थांबले तर पाहणारा काय घेऊन घरी जातो? इलेक्ट्रॉन जादूसारखा भिंतीतून जातो, एवढेच. विद्यार्थ्याने खरे विचारायचे ते पुढेच आहे : हे कोणी पाहिले? याचे उत्तर बारावीच्या मुलालाही समजेल असे आहे, म्हणून ते न दिल्याची चुटपुट अधिक वाटते. थोरियम-२३२ आणि पोलोनियम-२१२ ही दोन्ही मूलद्रव्यरूपे अल्फा कण बाहेर टाकतात. थोरियमच्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पोलोनियमच्या कणाची सुमारे ८.८ दशलक्ष, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. आता अर्धायुष्ये पाहा. थोरियमचे १४०० कोटी वर्षे, पोलोनियमचे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा सुमारे एक-तृतीयांश! ऊर्जेत दुपटीचा फरक आणि आयुष्यात एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींचा. हा विलक्षण फरक कुठून येतो, ते १९२८ साली जॉर्ज गॅमोने आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी टनेलिंगच्या आधारे दाखवून दिले. ऊर्जा जितकी जास्त तितका ओलांडायचा अडथळा पातळ आणि ठेंगणा, आणि अडथळ्यातला थोडा बदल शक्यतेत प्रचंड बदल घडवतो. आपले फासे इथे पुन्हा भेटतात, पण आता ते नुसते उपमेपुरते नाहीत, मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावत आहेत. १९८१ साली बिनिग व रोरर यांनी बनवलेला सूक्ष्मदर्शकही याच तत्त्वावर चालतो. अतिशय टोकदार सुई आणि पृष्ठभाग यांतले अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाने वाढले तरी टनेलिंगचा प्रवाह जवळजवळ एक-दशांशावर येतो. १९८६ साली त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणी म्हणेल, एवढे सगळे चित्रफितीत कसे आणायचे? सापेक्षतेच्या बाबतीत तरी हे साठ वर्षांपूर्वी करून झाले आहे. १९६२ च्या सुमारास डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ या दोन अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी म्युऑन कणांवरचा आपला प्रयोग शिक्षणासाठी चित्रित केला. वातावरणात उंचावर तयार होणारे हे कण सरासरी सुमारे २.२ मायक्रोसेकंद टिकतात. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहाशे-साडेसहाशे मीटर जातो. मग डोंगरमाथ्यावर आढळणारे म्युऑन पायथ्यापर्यंत कसे पोहोचतात? दोघांनी आपली उपकरणे माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर, समुद्रसपाटीपासून १९०० मीटरांवर नेली आणि तासाभरात थांबलेले म्युऑन मोजले. संख्या आली सुमारे ५६३. प्रत्येक कण किती वेळ टिकला हेही नोंदले. खाली पोहोचायला लागणारा सहा-सव्वासहा मायक्रोसेकंदांचा वेळ यांतले जेमतेम सत्तावीस टिकले होते. तेव्हा खाली तासाला सत्तावीसच्या आसपास म्युऑन मिळायला हवेत. मग तीच उपकरणे खाली, केंब्रिज येथे आणून पुन्हा मोजले. मिळाले ४०८!

हा लघुपट आजच्या मुलांना संथ वाटेल. सुटातले दोन गंभीर गृहस्थ लोखंडाच्या विटा रचतात, ठिपके मोजतात, फळ्यावर आकडे लिहितात. संगीत नाही, विनोद नाही, हलणारी चित्रे नाहीत. पण ४०८ हा आकडा समोर येतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण सत्तावीस हा आकडा आपण स्वतः त्यांच्याबरोबर मोजलेला असतो. गतिमान घड्याळ संथ चालते हे इथे कोणी सांगत नाही. ते आपल्यासमोर घडते.

आम्ही काय म्हणतो आहोत ते आता स्पष्ट झाले असेल. या स्पर्धेतील बहुतेक फितींत कॅमेरा हा फळ्याची आणि व्यासपीठाची जागा घेतो. त्याच्यासमोर मूल उभे राहते आणि मोठ्या माणसांनी शोधलेले काहीतरी गोड शब्दांत सांगते. कॅमेरा हे पाहण्याचे आणि मोजण्याचेही साधन आहे, याचा मात्र विसर पडला आहे. वास्तविक हलत्या चित्रांचा जन्मच मोजण्याच्या गरजेतून झाला. घोडा दौडताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, हा वाद १८७८ साली मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून मिटवला.

आपल्याकडे तर याहून जवळचे उदाहरण आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परत आले, पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यांची वाढ महिनाभर थोडी थोडी चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाहून थोडा अधिक लांबीचा लघुपट असा तयार झाला आणि तो पाहून पैसे देणारे पुढे आले. भारतीय चित्रपटाचा पाया ज्या कामावर रचला गेला, त्यात हा एक विज्ञानपट आहे, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही.

फाळक्यांनी रोज एक चित्र घेतले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हा हिशेब मुलांना करायला द्यावा. मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रे या वेगाने दाखवत. एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. रोज एक या दराने महिन्याभरात होतात तीस, म्हणजे दोन सेकंदांचा खेळ. मिनिटभराचा लघुपट हवा तर दिवसाला बत्तीस चित्रे लागतात, आणि उजेडाचे दहा-अकरा तास धरले तर साधारण दर वीस मिनिटांनी एक. तेव्हा ‘रोज एक’ ही दंतकथा असावी, किंवा लांबी तरी चुकीची नोंदली गेली असावी. सहावीतल्या गुणाकाराने एका प्रसिद्ध विधानाला प्रश्न विचारता येतो, हे मुलांना कळले तर विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू.

काठिण्यपातळीविषयी आणखी थोडे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन येथील प्राथमिक शाळेच्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी भुंग्यांना रंगांच्या रचना ओळखायला शिकता येते का, याचे प्रयोग केले. ‘बायॉलॉजी लेटर्स’ या संशोधनपत्रिकेने २०१० साली त्यांचा लेख मुलांच्याच भाषेत, त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह छापला. लेखाला संदर्भसूची नव्हती. प्रश्न सोपा होता, उत्तर कोणालाच आधी माहीत नव्हते. आपल्याकडेही राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी मुले १९९३ पासून आपल्या गावातील पाण्यावर, पिकांवर, कचऱ्यावर प्रकल्प करत आली आहेत. त्या प्रकल्पांतले आकडे मुलांचे स्वतःचे असतात. ते चित्रफितीत का येत नाहीत?

‘विज्ञान प्रसार’ या संस्थेने २०११ पासून भरवलेल्या राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सवात सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फितींसाठी ‘रेनबो’ नावाचा स्वतंत्र विभाग होता. ती संस्था २०२३ साली बंद झाली. आता मुलांच्या फितींची परीक्षा होते ती बहुधा जिल्हा-तालुक्याच्या पातळीवरील लहानमोठ्या स्पर्धांत, आणि तिथले परीक्षक नामवंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांचेच निकष उचलतात. अशाच एका आंतरशालेय स्पर्धेचे उदाहरण देतो. तिथे आम्ही परीक्षक नव्हतो, प्रेक्षक होतो. पहिले पारितोषिक कृष्णविवरांवरच्या एका झकपक फितीला मिळाले. तिच्यातले प्रत्येक चित्र आयते घेतलेले होते आणि निवेदन पाठ केलेले होते. आठवीतल्या तीन मुलींनी लाजाळूच्या रोपावर केलेल्या फितीला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळाले नाही.

त्या फितीत चित्र हलत होते, मागे कोंबडी ओरडत होती. पण कुंडीशेजारी मुलींनी भिंतीवरचे घड्याळ काढून ठेवले होते, आणि ते प्रत्येक दृश्यात दिसत होते. पान मिटते झटकन, पण पुन्हा उघडायला किती वेळ लागतो, हा त्यांचा प्रश्न. बारा वेळा करून पाहिले. अकरा वेळा उत्तर दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान आले. बाराव्या वेळी संध्याकाळचे सव्वासहा झाले होते आणि पान उघडलेच नाही. मुलींनी ते दृश्य कापून टाकले नाही. शेवटी निवेदनात सरळ म्हटले की हे का झाले ते आम्हांला समजले नाही, उद्या सकाळी परत बघू. लाजाळूची पाने रात्री आपणहूनच मिटतात. त्यामुळे संध्याकाळी स्पर्श केलेले पान सकाळपर्यंत तसेच राहिले यात नवल नाही. पण ज्या फितीने आपल्यासमोर हा धागा टाकला तिच्यावर परीक्षकांचा शेरा होता, ‘निष्कर्ष अस्पष्ट’. म्हणजे ज्या क्षणी विज्ञान सुरू झाले, त्याच क्षणासाठी गुण कापले गेले. कृष्णविवरांच्या फितीचा निष्कर्ष अर्थातच स्पष्ट होता. तो दुसऱ्यांनी काढलेला होता.

परीक्षक म्हणून बोलावणे आले तर शिक्षकांनी निकषांच्या तक्त्यात आणखी एक रकाना मागून घ्यावा : या फितीत मुलांनी स्वतः पाहिलेले किंवा मोजलेले काय आहे? त्याला निदान एक-तृतीयांश गुण असावेत. सापेक्षतेवर फीत करू नका असे सांगायची मग गरज उरणार नाही. ज्याला करायची तो करील, पण म्युऑनांचे आकडे शोधून आणील.

साधने तर हाताशी आहेत. आज अनेक मोबाइल फोनांत सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद घेतो. नेहमीच्या ३० चित्रांच्या वेगाने त्याची तेरा-चौदा चित्रे मिळतात, २४० च्या वेगाने शंभराहून अधिक. मागे मोजपट्टी उभी करून चित्रे एकेक करून पाहिली, की समान काळात कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढताना दिसतात. गॅलिलिओला यासाठी उतरत्या पन्हळीचा आणि गळणाऱ्या पाण्याच्या घड्याळाचा आधार घ्यावा लागला होता.

आणि ज्यांना घाई नाही त्यांनी फाळक्यांचा वाटाणा घ्यावा. दहा दिवस, दर अर्ध्या तासाला एक चित्र, म्हणजे ४८०. सेकंदाला सोळाने दाखवली तर बरोबर अर्ध्या मिनिटाचा लघुपट. फोन हलता कामा नये, म्हणून तो पुस्तकांच्या चळतीला दोरीने बांधून ठेवावा आणि चार्जर लावून द्यावा. घरातील इतर माणसांना दहा दिवस त्या फोनवर बोलता येणार नाही हे आधीच पटवून द्यावे, हा भाग सर्वांत अवघड. रात्रीच्या चित्रांसाठी एक लहान दिवा सतत चालू ठेवावा लागेल. तो कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवला तर अंकुर तिकडे झुकेल, दोन्ही बाजूंना ठेवले तर कदाचित सरळ वाढेल, आणि वर टांगला तर काय होईल? दिवा कुठे लावायचा हे मुलांनाच ठरवू द्यावे.